खिल्लार बैलाची अडकणारी वाटी : दिशादर्शक संज्ञांच्या आधारे एका प्रकरणाचा अभ्यास

पश्चिम महाराष्ट्रात ऊस वाहतुकीच्या गाडीला जुंपला जाणारा, दातांनी जुळून वर्ष-दीड वर्ष झालेला एक खिल्लार बैल हा या प्रकरणाचा विषय आहे. गळीत हंगाम मध्यावर असताना मालकाने त्याला दाखवले. सकाळी दावणीवरून सोडल्यावर मागचा एक पाय पाठीमागे ताणलेला राहतो, खुराचे टोक जमिनीला घासत जाते आणि काही पावलांनंतर तो पाय झटक्यासरशी पुढे येतो, अशी त्यांची तक्रार होती. अर्धा-पाऊण किलोमीटर चालल्यावर चाल बरीचशी मोकळी होत असे. मात्र थंडीच्या दिवसांत आणि रात्रभराच्या विश्रांतीनंतर त्रास पुन्हा वाढत असे. पडल्याचा, मार लागल्याचा किंवा गाडी उलटल्याचा इतिहास नव्हता. बैलाचे खाणे-पिणे, रवंथ आणि शेण व्यवस्थित होते. हंगामाच्या ओढीने अंग मात्र उतरले होते आणि मांडीचे मांस स्पष्ट कमी झालेले दिसत होते.

बैल आमच्याकडे येण्यापूर्वी दोन गोष्टी येऊन पोहोचल्या होत्या. गावाजवळच्या दवाखान्यातून दिलेल्या चिठ्ठीत ‘मागील पाय, वरच्या बाजूची आतली शीर आखडली आहे, शस्त्रक्रियेसाठी पाठवीत आहे’ एवढाच मजकूर होता; आणि मालकाच्या मुलाने मोबाईलवर काढलेली एक चित्रफीत होती, जिच्यात बैल समोरून चालत येताना दिसत होता. चिठ्ठी लिहिणाऱ्याने दुखणे बरोबर ओळखले होते, हे पुढे तपासणीत सिद्ध झाले. तरीही केवळ त्या मजकुराच्या आधारे सुरी कोठे लावायची हे ठरवता आले नसते. पाय डावा की उजवा, ‘वरची बाजू’ म्हणजे खुब्याकडची की पाठीकडची, आणि ‘आतली’ म्हणजे दोन पायांच्या मधल्या बाजूची की कातडीखाली खोलवर असलेली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका वाक्यातून मिळत नव्हती. ज्या आजारावर एकाच सांध्याच्या तीन बंधांपैकी (लिगामेंटपैकी) नेमका एक बंध कापणे हा उपचार आहे, तेथे ही तीन उत्तरे म्हणजेच निम्मे निदान असते.

दिशा कोणाच्या शरीरावरून मोजायची

पशुवैद्यकातील दिशादर्शक संज्ञांचा पाया एकच आहे. जनावर चारही पायांवर सरळ उभे आहे असे गृहीत धरायचे आणि प्रत्येक दिशा त्याच्याच शरीरावरून मोजायची; पाहणाऱ्याच्या डोळ्यांवरून नाही आणि जमिनीवरूनही नाही. डोक्याकडची दिशा क्रेनिअल, शेपटीकडची कॉडल, पाठीकडची डॉर्सल, पोटाकडची व्हेंट्रल. शरीराला उभे दुभागणाऱ्या मध्यरेषेच्या जवळचे ते मीडिअल आणि तिच्यापासून दूरचे ते लॅटरल. पायाच्या बाबतीत धडाजवळचा भाग प्रॉक्सिमल आणि खुराकडचा भाग डिस्टल. कातडीजवळचे ते सुपरफिशिअल आणि खोलवरचे ते डीप, ही जोडी मीडिअल-लॅटरल या जोडीपासून पूर्णपणे वेगळी आहे. चिठ्ठीतील ‘आतली’ हा शब्द या दोन्ही जोड्यांच्या मधोमध उभा होता.

माणसाच्या वैद्यकात रुळलेले अँटेरिअर, पोस्टेरिअर, सुपीरिअर, इन्फिरिअर हे शब्द पशुवैद्यक धडाच्या आणि पायांच्या वर्णनात टाळते, यामागे ठोस कारण आहे. उभ्या माणसात अँटेरिअर म्हणजे छाती-पोटाची बाजू. चार पायांवर उभ्या जनावरात ‘पुढची’ म्हणजे डोक्याची बाजू. एकच शब्द दोन रुग्णांत दोन वेगवेगळ्या पृष्ठभागांवर नेऊन ठेवतो. डोळ्यांच्या वर्णनात हे शब्द अजून टिकून आहेत. अन्यत्र मात्र 1968 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘नॉमिना ॲनाटॉमिका व्हेटरिनारिया’ या आंतरराष्ट्रीय संज्ञासूचीने पशुवैद्यकाची स्वतःची शिस्त घालून दिली आहे.

या शिस्तीतला एक नियम या प्रकरणात वारंवार कामी आला. मागच्या पायात हॉक सांध्यापर्यंत, म्हणजे टार्ससपर्यंत (माणसाच्या घोट्याशी जुळणारा सांधा), पुढची बाजू क्रेनिअल आणि मागची कॉडल म्हटली जाते; टार्ससपासून खाली मात्र त्याच बाजूंना डॉर्सल आणि प्लांटर ही नावे लागतात. पुढच्या पायात कार्पसपासून (मनगटाच्या सांध्यापासून) खाली डॉर्सल आणि पामर. खुरांच्या जोडीत आणखी एक भर पडते: दोन खुरांमधल्या फटीकडची बाजू ॲक्सिअल, बाहेरची ॲबॅक्सिअल. विद्यार्थ्यांना हा बदल सुरुवातीला त्रासदायक वाटतो, परंतु त्यामुळे नुसती संज्ञा वाचूनही वर्णन पायाच्या कोणत्या टापूतले आहे हे कळते, आणि नोंदी वाचणाऱ्याला तो मोठाच आधार असतो.

तपासणी

पायाची बाजू प्रथम निश्चित केली. चित्रफितीत झटकणारा पाय पडद्याच्या उजव्या हाताला दिसत होता, आणि बैल समोरून येत असल्यामुळे तो त्याचा डावा पाय ठरत होता. मालकांनीही डावाच सांगितला. गाडीवान जन्मभर बैलांच्या मागे बसतो, त्यामुळे त्याचे डावे-उजवे आणि बैलाचे डावे-उजवे एकच असते. समोर उभे राहून पाहणाऱ्या पाहुण्याचे तसे नसते. बैल प्रत्यक्ष चालवून डावा पाय पक्का केला आणि केसपेपरवर तो पूर्ण शब्दांत लिहिला.

सांधा ओळखण्यासाठी थोडा अधिक वेळ द्यावा लागला. ‘आबा, गुडघ्याला हात लावून दाखवा,’ असे म्हटल्यावर मालकांनी मागच्या पायाच्या हॉकवर हात ठेवला. हे स्वाभाविक आहे. पुढच्या पायात ज्याला सर्वजण गुडघा म्हणतात तो प्रत्यक्षात कार्पस, म्हणजे मनगटाचा सांधा असतो. आणि मागच्या पायातला खरा गुडघा, स्टायफल, कुशीच्या कातडीच्या घडीजवळ इतक्या उंचावर असतो की गुडघा म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. माणसाच्या गुडघ्याची वाटी ती हीच पटेला, आणि ती याच सांध्यावर फेमरच्या (मांडीच्या हाडाच्या) डिस्टल टोकाच्या क्रेनिअल पृष्ठभागावरील खाचेतून वर-खाली घसरते.

चालीची नोंद संज्ञांत अशी केली: डावा मागचा पाय रिट्रॅक्शनमध्ये, म्हणजे कॉडल दिशेला ताणलेल्या स्थितीत, अडकून राहतो, स्टायफल आणि हॉक दोन्ही एक्स्टेन्शनमध्ये (ताठ) असतात, फेटलॉक (खुराच्या वरचा सांधा) फ्लेक्शनमध्ये (वाकलेला) राहून खुरांची टोके जमिनीवरून ओढली जातात, त्यानंतर अचानक फ्लेक्शन होऊन पाय झटक्याने प्रोट्रॅक्शनमध्ये, म्हणजे क्रेनिअल दिशेला, येतो. ॲबडक्शन, म्हणजे पाय मध्यरेषेपासून दूर जाणे, वाढलेले नाही. दोन्ही खुरांची डॉर्सल भिंत टोकाशी झिजलेली होती, आणि लॅटरल खुराची झीज मीडिअल खुरापेक्षा अधिक होती. दवाखान्याच्या आवारातल्या ओल्या मातीत तो पाय जेथून गेला तेथे उथळ चरी उठली होती, आणि पाय सुटला त्या जागी ती एकाएकी थांबलेली दिसत होती.

स्टायफल आणि हॉक एकाच वेळी ताठ होणे हे या दुखण्याच्या यंत्रणेशी जुळणारे आहे. टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) क्रेनिअल बाजूने जाणारा पेरोनिअस टर्शिअस आणि कॉडल बाजूने जाणारा सुपरफिशिअल डिजिटल फ्लेक्सर हे दोन स्नायू मिळून या दोन सांध्यांना असे बांधून ठेवतात की एक वाकला की दुसरा वाकतो आणि एक ताठ झाला की दुसराही ताठ होतो. घोड्यात पेरोनिअस टर्शिअस पूर्णपणे तंतुमय असतो, तर गुरांत तो बराच मांसल असतो. तरीही जोडणी दोघांतही काम करते. त्यामुळे हॉक ताठ दिसला म्हणून दोष हॉकमध्येच आहे असे मानता येत नाही.

पाय अडकलेल्या स्थितीत असताना स्टायफल चाचपला. गुरांत आणि घोड्यांत पटेलापासून टिबियापर्यंत मीडिअल, मिडल आणि लॅटरल असे तीन बंध उतरतात. कुत्र्यात असा एकच असतो. येथे मीडिअल बंध ताणलेल्या दोरीसारखा कडक लागत होता आणि पटेला तिच्या नेहमीच्या जागेपेक्षा प्रॉक्सिमल दिशेला स्थिरावलेली होती. फेमरच्या खाचेच्या दोन कडांपैकी मीडिअल कड मोठी आणि वरच्या टोकाला फुगीर असते. पटेला, तिच्या मीडिअल बाजूचा कूर्चेचा भाग आणि मीडिअल व मिडल हे बंध यांचा मिळून जो फासा होतो तो त्या फुगवट्यावर चढून बसतो. वाटी आणखी किंचित वर उचलली जाऊन कडेवरून निसटेपर्यंत सांधा वाकत नाही. आणि निसटताच पाय झटकला जातो. दोरीने पाय पुढे ओढताच हाताखाली वाटी घसरल्याचे स्पष्ट जाणवले आणि सांधा मोकळा झाला.

वेगळे काढावे लागलेले आजार

मागचा पाय कॉडल दिशेला ताठ राहतो एवढ्यावर विसंबले असते तर किमान आणखी एक आजार दारात उभा होता. उतरलेल्या अंगाच्या गुरांत बायसेप्स फेमोरिस या स्नायूची क्रेनिअल कड फेमरच्या ग्रेटर ट्रोकँटरच्या (खुब्याजवळच्या उंचवट्याच्या) मागे, म्हणजे कॉडल बाजूला, घसरून तेथे अडकते. तेव्हाही पाय पाठीमागे ताणला जातो, खूर घासते आणि झटक्याने सुटते; लांबून पाहणाऱ्याला दोन्ही चाली एकसारख्या वाटू शकतात. मात्र त्या आजारात दोष खुब्याजवळ आणि लॅटरल बाजूला असतो, ट्रोकँटर उठून दिसतो, स्नायूची ताणलेली कड हाताला लागते आणि पटेला आपल्या जागी मोकळी हलते. त्याचा उपचारही त्या स्नायूच्या ताणलेल्या पट्ट्यावर, लॅटरल बाजूनेच करायचा असतो. आमच्या बैलाचे अंग उतरलेले असल्यामुळे ही शक्यता गंभीरपणे तपासावी लागली. ट्रोकँटरवरून स्नायू सुरळीत सरकत होता आणि अडथळा निःसंशय स्टायफलच्या मीडिअल बाजूला होता. ‘वरच्या बाजूची शीर’ हे वर्णन या दोन्ही आजारांना सारखेच लागू पडते, आणि संदर्भचिठ्ठीत मीडिअल की लॅटरल हे लिहिणे किती मोलाचे आहे ते येथे सर्वाधिक जाणवले.

इतर शक्यता लवकर बाजूला झाल्या. पेरोनिअस टर्शिअस तुटल्यास स्टायफल वाकलेला असतानाही हॉक सरळ करता येतो. येथे तसे होत नव्हते. स्पास्टिक पॅरेसिस (मागचा पाय आखडून ताठ होण्याचा आजार) बहुधा वासरांच्या वयात दिसू लागतो आणि त्यात स्टायफल असा कुलूपबंद होत नाही. क्रेनिअल क्रूसिएट हा स्टायफलच्या आतला बंध तुटल्याची अस्थिरता किंवा सांध्यात पाणी नव्हते.

निदान ‘डाव्या पटेलाचे अधूनमधून होणारे प्रॉक्सिमल फिक्सेशन’ असे लिहिले. या आजाराला ‘अपवर्ड’ किंवा ‘डॉर्सल’ फिक्सेशन म्हणण्याची पद्धत रूढ आहे आणि बोलताना आम्हीही ती पाळतो. मात्र टार्ससच्या वर पायाला डॉर्सल ही दिशा लावली जात नाही, हे लक्षात घेता नोंदीत प्रॉक्सिमल हाच शब्द नेमका ठरतो, असे माझे मत आहे.

शस्त्रक्रिया : बैल आडवा झाल्यावर

मीडिअल पटेलर डेस्मोटॉमी, म्हणजे मीडिअल बंध कापून फासा मोकळा करणे, हा निर्णय मालकांना समजावून घेतला. आदल्या दिवशी वैरण बंद ठेवून पोट हलके केले, जेणेकरून आडव्या बैलाला फुगी येऊ नये आणि पोटातले तोंडात येऊन श्वासमार्गात जाऊ नये. पत्री मारण्यासाठी बैल पाडण्याची सवय असलेली दोन माणसे मालकांसोबत होती आणि त्यांच्यामुळे बैल जराही न आपटता गवताच्या बिछान्यावर आला. मानेखाली पेंढी देऊन तोंड उतरते ठेवले, म्हणजे लाळ बाहेर वाहत राहते.

बैल डाव्या अंगावर, म्हणजे दुखरा पाय खाली ठेवून पाडला. मीडिअल पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याचा तोच मार्ग आहे. पुढचे दोन्ही पाय आणि उजवा मागचा पाय एकत्र बांधून बाजूला घेतले आणि डावा मागचा पाय स्वतंत्र दोरीने कॉडल दिशेला ताणून धरला, ज्यामुळे मीडिअल बंध ताठ होऊन बोटाला नीट लागतो.

या क्षणी खोलीतल्या सर्व दिशा फिरलेल्या असतात. उभ्या बैलाच्या दोन पायांमधली बाजू आता आकाशाकडे तोंड करून आहे. धडाकडची दिशा, जी उभ्या बैलात वर होती, ती आता जमिनीला समांतर झाली आहे. आणि ताणलेल्या पायाचा डिस्टल भाग खाली न जाता शेपटीच्याही पलीकडे गेला आहे. टिबियाचा जो पृष्ठभाग उभ्या बैलात पुढे होता तो आता पोटाच्या रोखाने वळलेला आहे, तरीही त्याचे नाव क्रेनिअलच राहते, कारण नावे उभ्या स्थितीवरून ठरतात आणि पाय ताणल्याने किंवा वळवल्याने ती बदलत नाहीत. पाय धरून बसलेला मालकाचा मुलगा हे पाहून म्हणाला, ‘डॉक्टर, मघाशी आत होतं ते आता वर आलंय.’ त्याचे निरीक्षण अचूक होते. अशा स्थितीत सहायकाला ‘थोडे वर घ्या’ असे सांगितले तर तो पाय आकाशाकडे उचलेल, म्हणजे ॲडक्शन (मध्यरेषेकडे ओढणे) करेल, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला कदाचित बोट खुब्याकडे सरकवणे अपेक्षित असेल. म्हणून पाडण्यापूर्वीच आंतरवासिता विद्यार्थ्यांशी ठरवून घेतले होते की दोरी धरणाऱ्यांना ‘शेपटीकडे’, ‘डोक्याकडे’ असे सांगायचे आणि आपापसांत फक्त संज्ञा वापरायच्या. ‘वर’, ‘खाली’, ‘आत’, ‘पुढे’ हे चार शब्द बैलाजवळ उच्चारायचे नाहीत.

केस भादरून, जागा निर्जंतुक करून 2 टक्के लिग्नोकेनने ती बधिर केली. टिबियाच्या पुढच्या उंचवट्यावर, म्हणजे टिबिअल ट्यूबरॉसिटीवर, बोट ठेवून तेथून प्रॉक्सिमल दिशेला चाचपत मिडल आणि मीडिअल या बंधांमधली खोबण शोधली. मिडल बंध क्रेनिअल बाजूला असतो, मीडिअल बंध त्याच्या कॉडल व मीडिअल बाजूला. बंधाच्या डिस्टल टोकाजवळ, टिबियाला तो चिकटतो त्या जागेच्या अगदी लगत, कातडीला लहानसा छेद घेतला. जागा डिस्टल ठेवण्याचे कारण स्पष्ट आहे: प्रॉक्सिमल दिशेला सांध्याची पिशवी पसरलेली असते आणि तिला पाते लागले तर साध्या उपचाराचे रूपांतर दूषित सांध्यात होण्याचा धोका असतो. कॉडल दिशेला मीडिअल सॅफेनस ही रक्तवाहिनी असते, तिलाही अंतर ठेवावे लागते.

वाकड्या अरुंद पात्याची टेनोटोम सुरी खोबणीतून आडवी शिरवून बंधाच्या डीप बाजूने कॉडल दिशेला सरकवली. बोटाने कातडीवरून तिचे टोक बंधाच्या कॉडल कडेपलीकडे आल्याची खात्री केल्यानंतरच पात्याची धार सुपरफिशिअल दिशेला, म्हणजे सांध्यापासून दूर आणि कातडीच्या रोखाने, वळवली. करवतीसारख्या बारीक हालचालींनी बंध कापला. तो तुटताना हाताला एकदम ढिलेपणा जाणवतो, आणि जेथे दोरी लागत होती तेथे बोट बसेल एवढा खड्डा लागतो. तसा खड्डा लागला. काही तंतू शिल्लक राहिले तर आजार परततो, म्हणून पाते काढण्यापूर्वी तीच जागा पुन्हा चाचपली. कातडीला एक टाका पुरला.

नंतरची वाटचाल

बैल उठवून लगेच चालवला. पाय पहिल्या पावलापासून मोकळा पडला आणि खूर घासले नाही. या शस्त्रक्रियेत असा तत्काळ परिणाम बहुधा दिसतो. धनुर्वाताची लस, प्रतिजैविक आणि मेलॉक्सिकॅम, शरीराच्या दर किलो वजनाला 0.5 मिलिग्रॅम या मात्रेत, दिले. जखम कोरडी ठेवणे, पंधरा दिवस जू न देणे आणि त्यानंतरही प्रथम रिकाम्या गाडीला जुंपणे असा सल्ला दिला. हंगाम चालू असताना बैल बसवून ठेवणे म्हणजे घरातल्या रोजच्या कमाईवर पाणी सोडणे असते. तरीही मालकांनी ते मान्य केले, आणि त्यांच्या समजूतदारपणाशिवाय सुरीचे काम अपुरे राहिले असते. पेंड आणि खुराक वाढवण्यासही सांगितले, कारण मांडीच्या स्नायूंचा ताण कमी झालेल्या जनावरांत वाटी अडकण्याची प्रवृत्ती अधिक असते.

टाका काढण्याच्या वेळी सूज उतरलेली होती आणि झिजलेल्या खुरांच्या डॉर्सल भिंतीला वरून नवी वाढ येऊ लागली होती. चालीत स्टायफलचे फ्लेक्शन पूर्ण होते.

हा आजार दोन्ही पायांत होऊ शकतो, त्यामुळे उजव्या स्टायफलची तपासणी त्याच दिवशी केली. पटेला तेथे मोकळी होती. घरी परतताना मालकांना दिलेल्या कागदावर गावच्या दवाखान्यासाठी पुढील नोंद केली: ‘डावा मागचा पाय, स्टायफल सांधा, मीडिअल पटेलर लिगामेंट टिबियालगत डिस्टल टोकाला पूर्ण कापले आहे. मिडल व लॅटरल लिगामेंट अबाधित. उजवा मागचा पाय आज निरोगी. चालताना रिट्रॅक्शनमध्ये अडकल्यास ग्रेटर ट्रोकँटर आणि पटेला दोन्ही तपासून पाठवावे.’